डावीकडचा टाळ

आधी माणसाचं सांगतो, मग काय झालं ते. अकोल्याच्या जठारपेठेत एक निवृत्त वकील राहतात. मी त्यांना काका म्हणतो. एक गोष्ट त्यांना सांगायची माझ्यावर वेळ आली होती आणि ती सांगायची माझी छाती होत नव्हती. ते ओझं त्यांनी आपणहून माझ्या डोक्यावरून उतरवून घेतलं, आणि उतरवताना मला ओशाळंही वाटू दिलं नाही. काकूंचंही नाव त्यांच्याबरोबरच घ्यायला हवं. त्यांनी मला कारागीर म्हणून बोलावलं आणि पाहुण्यासारखं ठेवलं.

मी मूळचा कोकणातला. नववीत शाळा सुटली. वडील आजारी पडले, मी कामाला लागलो, आणि मग लहान पोरांच्या वर्गात परत जाऊन बसायची लाज वाटायला लागली. आमच्या गावचा एक ट्रकवाला आंबे घेऊन वऱ्हाडात यायचा. त्याच्या शेजारी बसून अमरावतीला आलो तो राहिलोच. इथं एका दुकानात स्पीकर दुरुस्त करायला शिकलो. वरातीत फाटलेले मोठाले भोंगे, देवळांवरचे कर्णे, शाळांचे माईक, जे येईल ते. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो. हात त्यांचा सोन्याचा आणि तोंड मिरचीचं.

मी घाबरट आहे. वायरींना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरम कांडी बंद केली का, हे बघायला लावलेलं कुलूप उघडून परत आत जाणारा. त्यावरून दुकानात माझी रोज चेष्टा होते. पण जुनी नाजूक वस्तू आली की उस्ताद ती माझ्याकडंच सरकवतात. म्हणतात, "ह्याच्या हातून काही तुटत नाही. हा हातच लावत नाही पटकन."

काकूंचा फोन दुकानात आला तेव्हा ऐन मे महिना होता. घरी स्पीकरच्या जुन्या लाकडी पेट्यांची जोडी आहे, आवाज बसलाय, पेट्या जड आहेत, अमरावतीपर्यंत आणवत नाहीत, कोणी घरी येऊन पाहील का? उस्तादांनी मला बडनेऱ्याहून गाडीत बसवून दिलं.

घरात शिरलो तर बैठकीच्या खिडकीत कूलर धडधडत होता. अकोल्यात मे महिन्यात कूलर हे घरातलं एक माणूसच असतं. सगळे त्याच्यावरून मोठ्यानं बोलतात आणि आपण मोठ्यानं बोलतोय हे कोणाच्या लक्षातही येत नाही. खिडकीच्या दोन अंगांना, भिंतीपासून थोड्या पुढं, त्या दोन पेट्या उभ्या होत्या. गुडघ्याच्या वर येतील एवढ्या, समोर मातकट कापड, लाकडाला हात फिरवून फिरवून आलेली चकाकी. त्यांच्यासमोर एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीत काका.

"कोकणातला न तू?" काका म्हणाले. "काकूनं सांगितलं. मंग इकडे कसा काय आला बावा? समुद्र सोडून ह्या भट्टीत?"

"कामासाठी," मी म्हटलं.

"काम तिकडे नाही?"

"आहे. पण शिकलो इथं."

"बरं केलं. बस. पाणी पी. मंग आरोपीची ओळख करून देतो." आणि त्यांनी पेट्यांकडं बोट केलं.

काका घरात काकूंशी पुस्तकी मराठी बोलतात आणि रंगात आले की वऱ्हाडीत शिरतात. सगळं आयुष्य बार्शीटाकळी, भातकुलीकडच्या शेतकऱ्यांचे बांधाचे खटले लढले. म्हणाले, पक्षकाराची भाषा आली नाही तर तो खरं सांगत नाही.

मग त्यांनी कॅसेट लावली. कॅसेट म्हणजे त्यांनी स्वतः, वकिली नवीनच सुरू केली तेव्हा, भातकुलीजवळच्या त्यांच्या गावच्या देवळात भरून घेतलेलं भजन. दोन माईकचं यंत्र कुणाकडून तरी मागून आणलेलं. एक माईक हार्मोनियमच्या पेटीवाल्याच्या बाजूला, एक टाळाच्या बाजूला. टाळ वाजवत होते काकांचे वडील. शेती करणारे गृहस्थ, दिवसभर काळ्या मातीत आणि संध्याकाळी देवळात. ते गात नसत. फक्त टाळ. आणि नेहमी डावीकडच्या खांबाला टेकून बसत, म्हणून कॅसेटमध्येही ते डावीकडं आहेत. त्यांचा फोटो घरात आहे, पण आवाजाच्या जागी एवढाच टाळ.

"ऐक," काका म्हणाले. "पेटी आहे. मृदंग आहे. गाणारा आहे. माया बाप कुठी आहे?"

माया म्हणजे त्यांच्या वऱ्हाडीत माझा. मी ऐकलं. सगळा आवाज गोधडीखालून आल्यासारखा. टाळ अगदी पुसट, असून नसल्यासारखा.

"पेट्या बिघडल्या," काका म्हणाले. "पोरगा पुण्याहून म्हणतो, फेकून द्या, नव्या घ्या. ह्या पेट्यांवर चाळीसेक वर्षं ऐकलाय मी हा टाळ. नव्या पेटीत तो माया बाप राहील का दुसऱ्याचा होईल, सांग."

आता थोडं कामाचं सांगतो. अशा पेटीत मोठा भोंगा जाड आवाज काढतो आणि वरचा लहान भोंगा बारीक आवाज, टाळासारखा. लहान भोंग्याच्या दारात कपॅसिटर नावाचा एक बोटाएवढा पार्ट बसवलेला असतो, दरवानासारखा. तो जाड आवाज अडवतो, बारीक तेवढा आत सोडतो. जुन्या पेट्यांतले हे दरवान वयानं आतून सुकतात आणि मग बारीक आवाजही नीट सोडत नाहीत. ते बदलता येतात. पण नवा दरवान जुन्यासारखाच वागेल असं नाही. कधी आवाज इतका चरचरीत होतो, की माणूस म्हणतो, ही माझी पेटीच नव्हे. म्हणून जुन्या पेटीला हात लावताना बदलू की नको, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्यानं पडतो.

मला मात्र त्या दिवशी पडला नाही. आमच्या कोकणात वस्तू मरते ती ओलीनं. वऱ्हाडात येऊन मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की इथं ओल नाही, इथं जे काही मरतं ते सुकून. मे महिना, बाहेर पानसुद्धा हलत नाही, म्हणजे पार्ट सुकले, दुसरं काय असणार? पेटी उघडण्याआधीच उस्तादांना फोन लावला.

"बदलून टाक न बे," उस्ताद म्हणाले. "पार्ट तुझ्या पिशवीत दिलेच आहेत. काहून डोकं लावून राहिला? संध्याकाळच्या गाडीनं परत ये."

कांडी गरम करायला ठेवली आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. वाटलं चहा असेल. चहा होताच. पण त्यांनी दारही लोटून घेतलं.

"मुलगा म्हणतो, बाबांचे कान तपासून घ्या," त्या हळू म्हणाल्या. "हे ऐकत नाहीत. म्हणतात, माझे कान शाबूत आहेत, पेट्या गेल्या. मला माहीत नाही रे कोण खरं. पण तू एक कर. काहीतरी नवीन घाल, आणि सांग झालं म्हणून. माणसाला वाटलं की झालं, की येतं ऐकू."

"आणि नाही आलं तर, काकू?"

त्यांनी गॅस बारीक केला. "तर ते ती कॅसेट परत लावणार नाहीत. मी ओळखते त्यांना. एकदा हरले की त्या कोर्टात परत पाय ठेवत नाहीत."

चहाचा कप हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो. आतापर्यंत माझ्यासमोर दोन पेट्या होत्या. आता एक माणूसही होता. पार्ट जुने आहेत तोवर काकांना सगळा दोष त्यांच्यावर ढकलता येत होता. मी ते बदलले आणि टाळ तरीही आला नाही, तर दोष ढकलायला जागाच उरणार नव्हती. आणि तो नाही आला हे कळल्यावर ते माझ्याकडंच बघणार होते. मी मग काय बोलणार होतो?

कांडी बंद केली. बंद झाली का, दोनदा पाहिलं. काकांना म्हटलं, आधी उघडून बघतो, बदलायचं मग ठरवू.

डावीकडच्या पेटीची मागची फळी काढली आणि नाकात वास आला. आमच्या घरी श्रावणात शाळेच्या पुस्तकांना यायचा तो, बुरसट, दमट. अकोल्यात, मे महिन्यात! क्षणभर मला आईच दिसली, चुलीजवळ दप्तर शेकायला ठेवणारी. आत हात घातला. दोन्ही भोंग्यांचा कागद बोटाला गार आणि मऊ लागला. मागं पाहिलं तर कूलर. मार्चपासून रात्रंदिवस वाळ्याच्या ताट्यांतून ओला वारा थेट पेट्यांच्या पाठीवर सोडत होता. ओलीची भीती घेऊन जन्मलेला मी, आणि बाहेर ओल नाही म्हणजे घरातही नसणार असं धरून बसलो होतो. ती घरातच खिडकीला टांगलेली होती. वर त्या कूलरची धडधड एवढी, की टाळासारखा बारीक आवाज त्यात बुडणारच.

"काकू, पेट्या दिवाळीत कशा वाजतात?"

"दिवाळीत बऱ्या असतात," काकू म्हणाल्या. "उन्हाळ्यात बिघडतात. मला वाटायचं उष्णतेनं."

मीटर लावून दोन्ही पेट्यांतले कपॅसिटरही पाहिले. दोन्ही थोडे उतरलेले, पण सारखेच उतरलेले. वयाच्या मानानं ठीक म्हणावेत असे. एखादा कारागीर बदलेल, एखादा नाही बदलणार, दोघांनाही चूक म्हणता येणार नाही.

मी उस्तादांना परत फोन केला की आज येत नाही. त्यांनी जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही, पण शेवटी म्हणाले, "राहा. तुले जे वाटते ते कर. घाईनं केलं आणि मंग रात्रभर झोपला नाही तं उद्या दुकानात काय कामाचा तू?"

पेट्या दुसऱ्या भिंतीला नेल्या, मागच्या फळ्या उघड्या ठेवल्या, आणि ऐकताना कूलर बंद ठेवायचा असं ठरलं. मी भीत भीतच हे सुचवलं होतं. काका म्हणाले, "बापासाठी तेवढं करू." दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओला पंचा डोक्यावर घेऊन वेताच्या खुर्चीत बसले. काकू पदरानं वारा घेत दारात. मी घामानं निथळत जमिनीवर. कूलरची धडधड थांबलेली पाहून शेजाऱ्यांनी खिडकीतून हाक मारली, "वकीलसाहेब, तुमच्याच घरची लाईट गेली का हो?"

"नाही हो, आमी ऐकून राहिलो!"

"काय?"

"तेच तं ऐकून राहिलो, काय आहे ते!"

आदल्या रात्री त्या घरी मी पाहुण्यासारखा राहिलो होतो. काकू ताटात पोळी वाढत आणि माझ्याकडं बघून भातही घालत, कोकणातल्या माणसाला भात लागतो म्हणून. आईचा फोन आला तर म्हणाली, "जेवलास ना रे? कुठं आहेस?" मी म्हटलं, अकोल्यात, एका घरी. "घरी" म्हणताना मला स्वतःलाच बरं वाटलं.

त्या सकाळपर्यंत कागद सुकला होता. कॅसेट लावली आणि पहिल्याच ओळीला मी सरळ बसलो. गोधडी निघाली होती. हार्मोनियमचे स्वर वेगळे, गाणाऱ्याचा श्वास वेगळा, आणि डावीकडं टाळ. खणखणीत नव्हे, जुन्या पितळेचा असतो तसा, थोडा दबलेला, पण स्वच्छ. काकूंनाही आला. त्यांनी तोंडावर पदर धरला.

काका म्हणाले, "पुष्कळ सुधारलं. उजवी पेटी एक नंबर. डावी अजून मेलेलीच आहे."

 काकूंनी माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं म्हणजे, घाल आता काहीतरी, असं होतं.

मी वेळ काढला. म्हटलं, डावी पेटी उजवीकडं ठेवून बघू, उजवी डावीकडं. पेट्यांची अदलाबदल केली, वायरी होत्या तशाच ठेवल्या, म्हणजे टाळ डावीकडूनच येणार, फक्त दुसऱ्या पेटीतून. पेटी मेलेली असेल तर आता टाळ जिवंत व्हायला हवा. पुन्हा तेच भजन. टाळ तसाच स्वच्छ.

"तसंच आहे," काका म्हणाले. "डावीकडून काहीच नाही."

आता मला कळलं होतं. काकूंनाही. पिशवीत नवे पार्ट होते, कांडी कोपऱ्यात होती. अर्ध्या तासाचं काम. घातले असते, आणि म्हटलं असतं, काका, आता बघा. हात पिशवीकडं गेलाही. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलवत नव्हतं, आणि मधे भजन चालूच होतं.

"थांब," काका म्हणाले. "तू मान हालवून राहिला."

"कोण? मी?"

"तूच. एवढा वेळ पाहून राहिलो. पेटीवर नाही हालवत, मृदंगावर नाही हालवत. दोहोंच्या मधे कशावर तरी हालवतो. जन्मभर साक्षीदारांची तोंडं पाहिली रे मी. माणूस बोलत नाही तेव्हा त्याची मान बोलते." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तुले टाळ येऊन राहिला न?"

मी पिशवी जवळ ओढली. काकू म्हणाल्या, "अहो, तो म्हणतोय अजून नवीन पार्ट..."

"तो काही म्हणत नाही. तू म्हणते." आवाजात राग नव्हता. ते उठले. डोक्यावरचा पंचा काढून खांद्यावर टाकला. खुर्चीचे दोन्ही हात धरले, ती उचलली आणि उलटी ठेवली. पाठ पेट्यांकडं, तोंड भिंतीकडं. मी मदतीला धावलो तर म्हणाले, "राहू दे. माझी उलटतपासणी मीच घेतो."

आणि बसले. डावीकडची पेटी आता त्यांच्या उजव्या कानाशी आली होती.

आम्हाला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. भिंत दिसत होती, तिच्यावरचं कॅलेंडर आणि काकांचे पांढरे केस. कडवं संपलं, हार्मोनियम थोडी थांबली, आणि त्या जागेत नुसता टाळ वाजत राहिला. काकांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर हळूहळू पडायला लागला. टाळाबरोबर, बरोबर टाळाबरोबर.

"आले," ते म्हणाले.

कॅसेटची बाजू संपली. मग काका भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "पेट्या निर्दोष आहेत. डावा कान गेला माझा. पोराला फोन लाव, सांग तपासायला येतो म्हणून." आणि मग मला, "मेस्त्री, तू हे मले सांगणार होता का पार्ट टाकणार होता?"

"माहीत नाही काका," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

"बरं झालं, मग तुले सांगायची पाळी आली नाही. परमुलखात आलेल्या पोरानं असलं काम करू नये. ते ज्याचं त्यानं करावं."

एवढंच. पण ते ऐकल्यावर मला हातातली पिशवी खाली ठेवायला सुचलं. तोवर मी ती घट्ट धरून बसलो होतो.

मी म्हटलं, काका, वायरींची अदलाबदल करून देतो. टाळ उजव्या पेटीत येईल, तुम्ही सरळ बसा. भिंतीकडं तोंड करून कशाला?

"नाही," ते म्हणाले. "बाप डावीकडं बसत होता. त्याले काहून उठवू? मी फिरतो."

म्हणून पेट्यांच्या वायरींना मी हात लावला नाही. फळ्या बसवल्या, कूलर आणि पेट्या एकमेकांपासून दूर राहतील असं सगळं मांडून दिलं. नवे पार्ट उस्तादांना विचारून काकूंकडं ठेवले, डब्यात कोरडे, कारण जुने कधीतरी खरोखर संपणारच आहेत आणि तेव्हा काय करायचं हे काकांनीच सांगायचं आहे. निघताना काकूंनी डबा दिला आणि नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. स्वयंपाकघरातल्या बोलण्याचा विषय आम्ही दोघांनीही परत काढला नाही.

अमरावतीला उस्तादांनी विचारलं, "बदलले?" मी सगळं सांगितलं. हातातलं काम बाजूला ठेवून ते म्हणाले, "खुर्चीच फिरवली? ही दुरुस्ती आपल्याकडे कोणी केली नव्हती अजून."

त्यानंतर मी बऱ्याचदा अकोल्याला गेलो. काकांच्या कानात आता यंत्र आहे, ते त्यांना आवडत नाही, काढून ठेवतात. कॅसेट मात्र रोज सकाळी लागते, कूलर बंद, पाठ पेट्यांकडं. नवीन आलेला पाहुणा बावरतो. काकू म्हणतात, बसा, त्यांचे वडील आलेत.

मागच्या खेपेला काकांनी विचारलं, "तुमच्या घरी समुद्राचा आवाज येतो का रे?"

"पडवीत येतो. रात्री तर फारच."

"कोणत्या अंगानं?"

असं मला कधी कोणी विचारलं नव्हतं. मी डोळे मिटले, मनात पडवीत जाऊन बसलो, दाराकडं पाठ केली. "डावीकडून," मी म्हटलं.

"म्हणजे आमची पंचाईत," काका हसले.

माझं अजून स्वतःचं काही नाही. पडवीचं छप्पर गळतंय, घरी मलाच वर्षातून एकदा जाणं होतं. पण काका, हे तुम्हाला तोंडावर सांगता आलं नाही म्हणून इथं लिहितो. ते छप्पर मी नीट करीन. तुम्हा दोघांना पाऊस संपला की आमच्या घरी नेईन. आणि पडवीत तुमची खुर्ची उलटी मांडीन, घराकडं तोंड, म्हणजे आई स्वयंपाक करताना समोर दिसेल आणि समुद्र उजव्या कानाशी येईल. समुद्राला मीही उठवणार नाही.